आडवा चालणारा बाण

परवा सकाळी शालननं स्वयंपाकघराची खिडकी उघडली, क्षणभर तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "सुरू झाला वाटतं कारखाना." बाहेरच्या खोलीत मलाही वास आला होता. मळीचा वास आंबूस असतो, गोड असतो, थोडा जळकाही असतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो सोसत नाही आणि आम्हाला तो आल्याशिवाय थंडी सुरू झाल्यासारखी वाटत नाही. आता होळीच्या पुढेमागेपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर फुल्ल आवाजात गाणी, आणि दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर कारखान्याच्या काजळीचे बारीक काळे तुकडे. ते झटकायचे, चोळायचे नाहीत. चोळले की डाग पसरतो. हे मला शालनच्या आईनं शिकवलं. कपड्यांवरून नव्हे, लॅपटॉपवरून.

योगायोग असा, की गेल्याच आठवड्यात घरात पडून राहिलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकलं. मनाची तयारी करून बसलो होतो. चहा करून घेतला, चष्मा पुसला, शालनला सांगितलं की आज मला हाक मारू नकोस. तासाभरात सगळं संपलं. पडदा बरोबर, आवाज बरोबर, वायफाय बरोबर, झाकण मिटलं की झोपतो, उघडलं की उठतो. शालन दारात येऊन म्हणाली, "इतक्यात झालं?" तिच्या आवाजात थोडी निराशा होती, असं मला वाटलं. माझ्यात तर होतीच.

कारण आमच्या वेळी ते एका अख्ख्या हंगामाचं काम होतं.

तेव्हा मी बारामतीच्या एका कॉलेजात संगणक शिकवत असे. मूळचा सुप्याकडचा. आमचे वडील मेंढरांमागे कोकणाच्या वाटेनं जाणाऱ्या शेवटच्या माणसांपैकी. मी शिकलो, नोकरीला लागलो, आणि इस्त्रीच्या शर्टाबरोबर मला एक सवयही लागली. कुठल्याही गोष्टीबद्दल आधी माफी मागून मोकळं व्हायचं. माझ्यामुळे झालेल्या गोष्टीबद्दल, न झालेल्याबद्दलही. लग्नानंतर शालन म्हणायची, "तुमच्या दारात उन्हाळा आला तरी तुम्ही म्हणाल, सॉरी हां, यंदा जरा जास्तच तापलं."

शालन लासुर्ण्याजवळच्या शाळेत शिक्षिका होती. तिची बदली होत नव्हती, माझी होऊ शकत नव्हती. मग ती आठवडाभर लासुर्ण्याला आई-वडिलांकडे राही, आणि मी शनिवारी दुपारची इंदापूर एसटी पकडून तिकडे जाई. पिंपळी गाव मागे पडलं, की दोन्ही बाजूंना ऊस सुरू व्हायचा आणि मला आपण सासरी चाललोय, हे जाणवायचं. लॅपटॉपच्या त्या हंगामाच्या आदल्या वर्षी आमचं एक मूल पोटातच गेलं होतं. पाचवा महिना होता. त्याआधी थोडेच दिवस मी तिला एसटीनं सुप्याला जत्रेला नेलं होतं. डॉक्टरबाईंनी दोनदा समजावून सांगितलं की प्रवासाचा त्याच्याशी संबंध नाही, गर्भाशयाचं तोंड लवकर उघडतं, काही बायकांचं तसं असतं. मला ते पटलं होतं. पण पटण्यानं काही होत नाही. सुप्याचा रस्ता मला अजूनही खड्ड्याखड्ड्यानं पाठ आहे.

ह्या वेळी पुन्हा दिवस गेले, तेव्हा बाईंनी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला आणि सांगितलं, पाचव्यापासून पूर्ण आराम. उठायचं नाही, शाळा नाही, चूल नाही. होळीच्या सुमारास बाळंतपण. तोवर हे मूल आत राहिलं पाहिजे. त्या हंगामात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता आणि तो विषय कुणी बोलतही नव्हतं.

लॅपटॉप त्याच पावसाळ्याच्या शेवटी आला होता. माझा एक मित्र पुण्याच्या कंपनीत होता. तिथं जुने लॅपटॉप मोडीत निघाले, त्यातला एक त्यानं माझ्यासाठी ठेवला. वहीसारखा मिटणारा संगणक आमच्या भागात तेव्हा कुणी पाहिला नव्हता. तो पाट्याच्या दगडाइतका जड होता. पडदा करडा, समोरून पाहिलं तरच दिसणारा. बॅटरी मेलेली. सीडी घालायला जागा नाही. डिस्क कोरी. माऊसऐवजी कळफलकाच्या खाली, मधोमध, एक गोटी बसवलेली होती. अंगठ्यानं ती फिरवली की पडद्यावरचा बाण हलणार. तिला ट्रॅकबॉल म्हणत. त्या वेळच्या विंडोजला ह्या मशीनची ताकद पुरणारी नव्हती. पण एका संगणक मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती आणि आतल्या लेखात लिहिलं होतं, की हे जुन्या मशीनवरही चालतं, फक्त धीर हवा. तो लेख लिहिणाऱ्यानं 'धीर' हा शब्द फार सहज वापरला होता.

तो घरी आणला आणि लगेच खंडेनवमी आली. मामांच्या, म्हणजे शालनच्या वडिलांच्या घरात, खंडेनवमीला सगळी हत्यारं मांडतात. कोयते, खुरपी, पाभर, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरच्या पान्यांची पेटी. एका टोकाला मेंढ्यांची लोकर कातरायची जुनी कातर. कळप विकून जमाना झाला होता, तरी ती कातर दरवर्षी पुसून मांडली जायची. शालननं तिची पट्टी आणि खडूची पेटी ठेवली. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाव्हणं, तुमचं हत्यार कुठं हाय?"

मी लॅपटॉप आणला.

"मिटून न्हाय, उघडून ठिवा. देवाला दिसाय नगं का?"

मी उघडून ठेवला. मामांनी कळफलकावर झेंडूचं फूल ठेवलं, पडद्याच्या काठाला हळदीकुंकू लावलं, मग ताटातून भंडारा उचलला. आमच्याकडे भंडारा म्हणजे देवाची हळद. ती चिमटीनं वाहत नाहीत, मुठीनं उधळतात. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत मामांनी पहिली मूठ कातरीवर उधळली, दुसरी ट्रॅक्टरच्या दिशेनं, आणि तिसरी भरगच्च मूठ माझ्या लॅपटॉपवर. मग जरा थांबून त्यांनी एक चिमूट, फक्त चिमूट, शालनच्या पदरावर टाकली. तिथं त्यांचा हात हलका झाला होता. मी फुंकर मारून कळफलक साफ केला. पिवळं सगळं निघालं, असं मला वाटलं.

दिवाळीनंतर शालन पलंगावर गेली. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे मामांनी पलंगाच्या पायथ्याच्या दोन पायांखाली विटा लावल्या, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. विटा त्यांनी धुऊन, वाळवून, हातानं चाचपून निवडल्या होत्या. त्या उतारामुळे पलंगावर ठेवलेली प्रत्येक वाटोळी गोष्ट शालनच्या उशीकडे घरंगळत यायची. बोरं, पेन, लिंबू. ती म्हणायची, "सगळं जग माझ्याकडे घरंगळतंय, आणि मी काहीच उचलायचं नाही."

मी शनिवारी आलो की पलंगाशेजारी स्टुलावर लॅपटॉप मांडायचो. लिनक्स फ्लॉप्यांवरून चढवायचं होतं. आठवडाभर कॉलेजात दुपारच्या सुट्टीत सीडीवरून फ्लॉप्या भरायच्या, त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून एसटीनं आणायच्या, एकेक घालायची. एखादी मध्येच खराब निघायची. मग सगळं थांबायचं. पुन्हा बारामती, पुन्हा ती फ्लॉपी, पुढचा शनिवार. पहिला पूर्ण महिना ह्यातच गेला. आज हे सांगताना मला वाटतं, की तो वेळ वाया गेला असं मी म्हणायला हवं. पण तसं मनापासून म्हणता येत नाही. प्रत्येक शनिवारी मी काहीतरी अपुरं घेऊन तिच्याकडे जात होतो आणि पुढच्या शनिवारचं कारण घेऊन परतत होतो. "ह्या वेळी कितवी अडली?" असं ती मी चपला काढायच्या आत विचारायची. प्रकृती कशी आहे, हे विचारण्याची माझी हिंमत तिच्या त्या प्रश्नानंतर व्हायची.

एका रविवारी दुपारी ते चढलं. काळ्या पडद्यावर करडी अक्षरं धबधब्यासारखी आली, थांबली, आणि तळाशी एक चौकोन लुकलुकायला लागला. शालननं मान वळवून पाहिलं.

"आता?"

"आता आपण सांगायचं, ते ऐकतं."

"चुकीचं सांगितलं तर?"

मी चुकीचं काहीतरी टाइप केलं. ह्या नावाची कमांड सापडत नाही, एवढंच ते म्हणालं आणि पुन्हा चौकोन लुकलुकत बसलं.

"बरंय," शालन म्हणाली. "ओरडत नाही."

आठवड्याचे बाकीचे दिवस लॅपटॉप तिच्याकडेच असे. स्टूल जवळ ओढून, डाव्या कुशीवर पडून, उजव्या हाताच्या एका बोटानं ती टाइप करायला शिकली. मुलांना अक्षरं शिकवायची तिची जुनी पद्धत होती, रोज एकच. तशी ती रोज एक कमांड शिकायची आणि शनिवारी माझी परीक्षा घ्यायची. cal असं लिहिलं की महिन्याचं कॅलेंडर येतं, हे तिनंच मला दाखवलं.

"पुढचे महिनेपण दाखवतं का हे?"

"पुढची हजारो वर्षं दाखवतं."

"मला फाल्गुनापर्यंतचं पुरे," ती म्हणाली, आणि नवीन वर्षाचा मार्च काढून तशीच बघत राहिली. करड्या पडद्यावर आकड्यांच्या ओळी होत्या, दुसरं काही नव्हतं. मी उठून खिडकीत गेलो.

खिडकीतून कारखान्याकडे जाणारा रस्ता दिसायचा आणि रस्त्यापलीकडे ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या. पाचटाच्या, कमानीसारख्या झोपड्या. त्यातली एक बाई दिवस भरत आलेली होती. शालनपेक्षा कितीतरी पुढची. ती पहाटे टोळीबरोबर फडात जायची आणि दुपारी डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा घेऊन परत यायची. शालन पडल्या पडल्या तिची वाट बघायची. एकदा म्हणाली, "तिला बघितलं की मला लाज वाटते. आणि धीरपण येतो. दोन्ही एकदमच." मामी, म्हणजे शालनची आई, रोज संध्याकाळी त्या बाईला ताक नेऊन द्यायच्या. त्या म्हणायच्या, "तिला कुणी इटा लावून निजवायचं गं? तिच्या पलंगाला पायच न्हायत." त्या बाईबद्दल कुणाची माफी मागावी, हे मला कळत नव्हतं आणि आजही कळलेलं नाही.

लाइट जायची. तासन्‌तास जायची. बॅटरी मेलेली असल्यामुळे लाइट गेली की लॅपटॉप त्या क्षणी गतप्राण. परत आली आणि चालू केला, की लिनक्स काम सुरू करण्याआधी स्वतःला तपासून घ्यायचं. मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो, आता सगळं जागेवर आहे का बघतो, अशा अर्थाचं काही लिहून ते बराच वेळ डिस्क चाळत बसे. मला त्या थांबण्याचा राग यायचा. शालनला यायचा नाही.

"माझ्यासारखंच आहे हे," ती म्हणाली. "एकदा पडलं, की पुढच्या प्रत्येक वेळी आधी तपासा."

मी लगेच म्हणालो, "शालन, मी तुला त्या वेळी सुप्याला न्यायलाच नको होतं."

ती छताकडे बघत शांतपणे म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. तुम्ही असं म्हणालात, की मला म्हणावं लागतं, नाही हो, तुमचं काही चुकलं नाही. ते मी कितीदा म्हणाले असेन. माझं मूल गेलं, आणि समजूत मी तुमची काढते. ह्या वेळी मला तेवढी ताकद नाही. मला सगळी ताकद इथं खाली लागतेय."

तिनं पोटावर हात ठेवला. लॅपटॉप तपासून झाला होता आणि चौकोन लुकलुकत होता.

त्या दिवसापासून मी तिच्यासमोर माफी मागितली नाही. पण ती आत कुठंतरी जमतच होती, आणि तिला काहीतरी वाट हवी होती. मग मी हार्डवेअरच्या मागे लागलो. लॅपटॉपमध्ये साउंड कार्ड होतं, ते बोलत नव्हतं. त्यासाठी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्या मशीनपुरता नव्यानं घडवून घ्यावा लागे. ते काम मशीन स्वतःच करायचं. सकाळी आज्ञा दिली की त्याला अख्खा दिवस लागायचा, आणि पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत राहायच्या. आम्ही सगळे ते बघत बसायचो. मामी ज्वारी निवडता निवडता म्हणाल्या, "पाव्हणं, सकाळधरनं हे काय चाललंय ह्येचं?"

"मामी, ते स्वतःलाच नवीन करतंय आतून."

"म्हंजी बाळंत व्हतंय व्हय?"

शालन हसायला लागली. हसणंही बेतानं, पोट धरून.

"मग त्येलाबी निजू द्या की," मामी म्हणाल्या. "सारखा कशापायी हात लावताय? घडीघडी बोट लावल्यानं कुणाचं पोर लवकर झालंय?"

चार वाजता लाइट गेली. गाभा अर्ध्यातच राहिला. मी डोक्याला हात लावून बसलो, आणि शालन मला म्हणाली, "जाऊ द्या. त्याला परत करता येतं."

तिला काय म्हणायचं होतं, ते मला कळलं. मशीनपाशी मी का बसत होतो, तेही. तिथं अर्ध्यातून मोडलेली गोष्ट परत पहिल्यापासून सुरू करता यायची. आवाज मात्र त्या लॅपटॉपमधून शेवटपर्यंत आला नाही.

संक्रांतीच्या आसपास चित्रांचा पडदा सुरू झाला. खिडक्या, रंग (करडेच, पण वेगवेगळे करडे) आणि मधोमध बाण. मी गोटी फिरवली. बाण डावीकडे गेला, उजवीकडे गेला. वर-खाली जाईना. पडद्याच्या मध्यावरून एका रेषेत, दोरीवरून मुंगी चालावी तसा, नुसता आडवा चालायचा. माझी खात्री होती, की चूक माझ्या मांडणीत आहे. माऊसच्या जाती बऱ्याच असत, आणि कुठली जात आहे हे लिनक्सला आपण सांगायचं असे. मी एकेक जात सांगून पाहिली. कॉलेजातली पुस्तकं पालथी घातली. पुण्याच्या मित्राला एसटीडी बूथवरून फोन केला. तो म्हणाला, कर्नल पुन्हा घडव. मी घडवला. बाण आडवाच. शनिवार गेले. आठवा महिना लागला. शालन म्हणाली, "राहू द्या ना. मीपण आडवीच आहे. चाललंय ना आमचं दोघांचं?"

शेवटी वैतागून एका रविवारी मी लॅपटॉप उचलून पलंगावर, तिच्या पायांशी पालथा घातला. खालच्या बाजूला काही लिहिलंय का, ते बघायला. टक्‌ असा आवाज झाला. सरळ केला तर गोटीची जागा रिकामी. तिच्याभोवतीची चकती सैल झाली होती आणि गोटी चादरीवरून उताराला लागली होती. मी हात टाकला, सापडली नाही. ती शालनच्या कमरेला वळसा घालून थेट उशीपाशी गेली. शालननं ती पकडली, बोटांत फिरवली, आणि मग बोटांकडे बघितलं.

"अहो, हे पिवळं काय?"

मी रिकाम्या खळग्यात डोकावलो. आत दोन बारीक रूळ होते, गोटीची हालचाल ओळखणारे. एक स्वच्छ. दुसऱ्यावर हळदीचं, तेलाचं, घामाचं मिळून घट्ट पिवळं कडं बसलेलं. खंडेनवमीची मूठ तिथं जाऊन बसली होती, आणि मी त्यासाठी लिनक्सचा गाभा पुनःपुन्हा घडवत होतो.

मी हसलो असतो, पण मामा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी हातात घेतला.

"माझ्या हातनं झालं व्हय हे? पाव्हणं, मला वाटलं देवाचं हाय, चांगलं व्हईल. चूक झाली माझी. लई मोठी चूक झाली. तुमी इतकं दिस राबलासा..."

ते थांबेनात. फेटा हातात चुरगाळत तेच तेच म्हणत राहिले. बोलत लॅपटॉपबद्दल होते आणि बघत शालनच्या पोटाकडे होते. आपल्या हातानं वाहिलेलं जिथं तिथं असंच उलटत असेल तर, ही भीती त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. आणि मी मात्र अवघडून उभा, नाही मामा, तुमचं काही चुकलं नाही, असं पुनःपुन्हा म्हणत. समोरून हे असं दिसतं तर. इतकं जड असतं ते.

मी शालनकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत खट्याळ म्हणावं असं काहीतरी होतं.

"आबा," ती वडिलांना म्हणाली, "फेटा घाला डोक्याला. आणि सुई आणा आईकडनं. ह्यांना साफ करू दे."

सुई आली. मी रुळावरचं कडं कोरायला लागलो, तशा मामी पुढे झाल्या. "हितं भुईवर न्हाय पाडायचा. भंडारा हाय तो." त्यांनी खाली हात धरला. हळदीचे मळकट, तेलकट कण त्यांच्या तळव्यावर पडत गेले. मग त्यांनी ते दोन बोटांनी मळले आणि क्षणाचाही विचार न करता शालनच्या कपाळावर एक बोट ओढलं.

"आई, अगं मशीनमधलं आहे ते. काजळी असेल, मळ असेल."

"असू दी. आत राहून आलाय न्हवं इतकं म्हयनं?" मामी म्हणाल्या. "तसाच ऱ्हायला पायजे."

मी गोटी बसवली, चकती फिरवली, लॅपटॉप सुरू केला. त्यानं आधी स्वतःला तपासलं. मग पडदा आला, बाण आला. शालननं अंगठा गोटीवर ठेवला आणि बाण सरळ वर, पडद्याच्या माथ्यापर्यंत नेला, तिथं थोडा वेळ ठेवला. मामांनी फेटा बांधता बांधता विचारलं, "आता ह्येचं काय करायचं असतं?"

"काही नाही, आबा," ती म्हणाली. "वर जातो, एवढंच बघायचं होतं."

मूल फाल्गुनापर्यंत थांबलं नाही. माघातच, एका शनिवारी दुपारी, मी नुकता एसटीतून उतरून पोचलो होतो आणि शालन म्हणाली, "जीप बघा." आवाज शाळेत हजेरी घेताना असेल तसा. शेजारच्यांची जीप मिळाली. मागच्या बाकावर गादी टाकून तिला निजवलं, डोकं मामींच्या मांडीवर. कारखान्याच्या वळणावर रस्ता बंद. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या वजनकाट्याकडे रांगेत, मध्ये घुसलेल्या, उलट तोंड करून अडकलेल्या. जीपवाला हॉर्न वाजवत राहिला. मामा खाली उतरले. त्यांनी फेटा सोडून त्याचं टोक हातात धरलं, आणि रांगेच्या मधून चालायला लागले, डावी-उजवीकडे फेटा हलवत, तोंडानं तो जुना आवाज काढत, जिभेनं टाळूवर, मेंढरं वळवायचा. मी तो आवाज माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकला होता; मामांच्या तोंडून कधीच नव्हता. बैल बाजूला झाले. माणसंही झाली. गाडीवानांनी जीपमध्ये बघितलं आणि न सांगता जू ढकलून गाड्या कडेला घेतल्या. एका ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद केलं. मामांच्या मागून आमची जीप पायी चालणाऱ्याच्या वेगानं गेली, आणि त्या वेगानं जाताना मला पहिल्यांदाच घाई वाटली नाही.

बारामतीच्या दवाखान्यात मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवली. बाई म्हणाल्या, रडली आहे, चांगलं आहे, बाकी रोजच्या रोज बघू. काचेपलीकडे तिच्या छातीचा भाता हलत होता, आणि मला त्यात काही करता येण्यासारखं नव्हतं. घडवायचं नव्हतं, बदलायचं नव्हतं, उलटून बघायचं नव्हतं. लॅपटॉप लासुर्ण्यालाच राहिला होता. माझे हात कुठं ठेवावेत, हे मला कळेना. मी वॉर्डात जाऊन शालनच्या उशाशी उभा राहिलो आणि माझे ओठ हलले असावेत, कारण ती डोळे मिटूनच म्हणाली, "आज नको हं. नुसते थांबा."

मी थांबलो. रोज थांबत गेलो. कॉलेज सुटलं की यायचो, काचेपाशी उभा राहायचो, मग शालनपाशी. कोप्यांमधली ती बाई केव्हाच बाळंत झाली होती आणि मुलगा घेऊन फडात जायला लागली होती. मामींनी हे सांगितलं, तेव्हा शालन बराच वेळ हसत होती, आणि मग रडली, आणि दोन्ही वेळा मी नुसता थांबलो.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी बाईंनी मुलीला पेटीतून काढलं आणि शालनच्या उघड्या छातीवर ठेवलं. वर पातळ चादर टाकली. आईच्या उबेत राहू दे, म्हणाल्या. मुलीचा चेहरा खिडकीकडे होता. खिडकी पश्चिमेची, तिला पडदा नव्हता, आणि ऊन सरळ तिच्या मिटलेल्या डोळ्यांवर येत होतं. तिनं कपाळाला बारीकशी आठी घातली. मी खिडकी आणि पलंग ह्यांच्यामध्ये जाऊन उभा राहिलो. माझी सावली तिच्यावर पडली आणि आठी गेली. ऊन सरकलं, तसा मी थोडा सरकलो. पाठ तापली. वाऱ्याबरोबर मळीचा वास येत होता आणि लांबून कारखान्याचा भोंगा झाला. शालनचे डोळे मिटलेले होते, मुलीचेही, आणि दोघींचा श्वास हळूहळू एका लयीत यायला लागला होता.

मामी कोपऱ्यात जपमाळ ओढत होत्या. त्यांनी मान वर केली.

"पाव्हणं, ऊन कवाच गेलं की. बसा आता."

शालननं डोळे उघडले नाहीत.

"राहू दे गं, आई," ती म्हणाली. "उभे राहू दे त्यांना."